खर्ज ऐकू येत नाही

प्रत्येक वाद्याला स्वतःची अशी एक जन्मकथा असते. कोणी राजदरबारात जन्मले, कोणी रणांगणावर, तर कोणी गुराख्याच्या ओठांवर. आपल्या अनेक धर्मग्रामांच्या गायनमंडळांत एका कडेला उभे असलेले बेस गिटार हे वाद्य मात्र एका तक्रारीतून जन्माला आले, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. तक्रार चारच शब्दांची होती : खर्ज ऐकू येत नाही.

गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील नृत्यवृंदांत खर्जाची बाजू डबल बेस हे वाद्य सांभाळीत असे. व्हायोलिनच्या कुळातले हे पुरुषभर उंचीचे थोरले भावंड. देह मोठा, पण आवाज सौम्य. ड्रम, ट्रंपेट आणि विजेवर वाजणाऱ्या गिटारी यांच्या कल्लोळात बेस वाजवणाऱ्याची बोटे सोलून निघत, तरी त्याचा स्वर पुढच्या चार रांगांपलीकडे पोहोचत नसे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी लिओ फेंडर नावाचे एक गृहस्थ होते. १९३८ साली त्यांनी तेथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले होते. ज्यांच्या नावाच्या गिटारी आज जगभर वाजतात, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्यांचे सामर्थ्य निराळे होते. दुकानात येणाऱ्या वादकांच्या कुरबुरी ते मन लावून ऐकत. त्यातूनच १९५१ साली त्यांचा 'प्रिसिजन बेस' बाजारात आला. लाकडाची एक भरीव फळी, चार जाड तारा, आणि बोट अचूक स्वरावर पडावे म्हणून मानेवर बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. या अचूकपणावरूनच त्याला ते नाव मिळाले.

अशा वाद्याविषयी सत्तर वर्षांनंतर आमच्या कोल्हापुरात पुन्हा तीच तक्रार ऐकू यावी, यात थोडी गंमत आहे. परंतु ती तक्रार एका तरुणाच्या वाट्याला आली, आणि मग त्यातील गंमत संपली.

आमचे गायनमंडळ लहानसे आहे. पेटी, तबला, एक कीबोर्ड, दोन गिटारी आणि एक बेस. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात पाइप ऑर्गनचा गौरव केला आणि त्याच परिच्छेदात, पवित्र उपयोगास साजेशी असल्यास, इतर वाद्यांनाही दार उघडून दिले. मोठ्या मंदिरांतील ऑर्गनला पायाने दाबायच्या पट्ट्या असतात. त्यांतून निघणारा गंभीर नाद साऱ्या गायनाखाली पायासारखा पसरतो. आमच्यासारख्या धर्मग्रामाला ऑर्गन कोठून परवडणार? तो पाया आमच्याकडे या चार तारांनी घालायचा असतो.

बेस वाजवणारा मुलगा महाविद्यालयात शिकतो आणि संध्याकाळी उद्यमनगरातील एका वर्कशॉपमध्ये काम करतो. त्याची गिटार त्याच्या मामाची. मामा सावंतवाडीकडे लग्नसमारंभांत वाजवीत असत. हात थकले तेव्हा त्यांनी ती भाच्याला दिली. गेल्या पावसाळ्यानंतर कुजबुज सुरू झाली. "हा वाजवतोय की नुसता धरून उभा राहतोय?" असे एकाने विनोदाने म्हटले, आणि विनोद फार लवकर मत बनतो. गायनमंडळाच्या बैठकीत सूचना आली की, सणाच्या निधीतून नवी, बॅटरीवर चालणारी 'ॲक्टिव्ह' बेस घ्यावी. दुसऱ्याने सुचवले की, तेवढा खर्च तरी कशाला? कीबोर्डवाल्याचा डावा हात खर्ज देऊ शकतोच की! कोणाच्याही मनात दुष्टावा नव्हता. पण दोन्ही सूचनांत त्या मुलाला जागा नव्हती. नवे महागडे वाद्य आले असते तर ते त्याच्याहून जुन्या वादकाच्या हाती गेले असते, आणि डावा हात वापरायचा ठरला असता तर त्याचे कामच उरले नसते. त्यानंतर दोन रविवार तो आला नाही. त्याची आई भेटली तेव्हा म्हणाली, "फादर, पोरगं घरात रोज गिटार पुसून ठेवतंय बघा. पण चर्चला चल म्हटलं की गप्प बसतंय."

बैठकीत एक शब्द वारंवार उच्चारला गेला होता : "ती पॅसिव्ह आहे ना, म्हणून!" जणू पॅसिव्ह म्हणजे दुबळी. सेमिनरीत लॅटिनच्या तासांना बसलेल्या माणसाला हा शब्द सहजासहजी सोडवत नाही. त्याचे मूळ 'पाती' या लॅटिन क्रियापदात आहे. अर्थ : सोसणे, स्वीकारणे, आपल्यावर होणारी क्रिया झेलणे. प्रभूच्या दुःखसहनाला इंग्रजीत जो शब्द आहे, तोही याच धातूपासून आला आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला शिकवले जाई की, 'कर्ता' आणि 'ग्रहण करणारा' हे एकाच घटनेचे दोन अंग असून ग्रहण करणे म्हणजे काहीच न करणे नव्हे.

पॅसिव्ह बेसच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. याला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले हे तत्त्व. राधानगरी धरणाच्या पाण्यावर वीज निर्माण करणारी यंत्रेही याच तत्त्वावर फिरतात. फरक फक्त प्रमाणाचा. गिटारमधली वीज एका व्होल्टच्या काही दशांशांइतकीच भरते. तिच्यात बॅटरी नाही, बाहेरून घेतलेले बळ नाही. बोटाने तारेला जे दिले, तेवढेच ती पुढे देते. ॲक्टिव्ह बेसमध्ये बहुधा नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक छोटा प्रवर्धक बसवलेला असतो. लिओ फेंडर यांचाच पुढे सहभाग असलेल्या म्युझिक मॅन कंपनीचा १९७६ चा 'स्टिंगरे' हा त्या जातीचा सर्वांत गाजलेला नमुना. ती सोय चांगलीच आहे. पण बॅटरी उतरली की ॲक्टिव्ह बेसचाही आवाज खाली जातो किंवा फाटतो, आणि वायर लावून ठेवली तर बॅटरी रात्रभर झिजत राहते. पॅसिव्ह वाद्याला ही चिंता नाही. त्याचा आवाज उतरला, तर तो वाटेत कोठेतरी गळतो आहे, एवढेच समजावे.

तो कोठे गळतो आहे, हे शोधण्याचे काम आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांनी अंगावर घेतले. सारे त्यांना अण्णा म्हणतात. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. मुलाला निरोप धाडून त्यांनी गिटार घेऊन बोलावले. त्यांचा पहिला प्रश्न मला फार मोलाचा वाटला. त्यांनी गिटारकडे पाहिलेदेखील नाही. ते म्हणाले, "ऐकू येत न्हाई म्हणजे कुणाला? आणि कुठं बसून?"

त्यांनी मुलाला वेदीशेजारी वाजवायला लावले आणि मला बरोबर घेऊन ते मंदिरभर फिरले. मधल्या बाकांपाशी खर्ज पातळ, मागच्या भिंतीशी चांगला भरदार. याचे कारण साधे आहे. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे या स्वराची एक लाट आठ मीटरहून लांब असते. भिंतींवर आपटून परतणाऱ्या अशा लांब लाटा काही जागी एकमेकींना बळ देतात, तर काही जागी एकमेकींना पुसून टाकतात. शिवाय आपला कानही सर्व स्वरांना सारखा न्याय देत नाही. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवले की, खर्जातला स्वर मधल्या स्वराइतका मोठा वाटावा म्हणून हवेत कितीतरी अधिक दाब निर्माण व्हावा लागतो. त्यात आमच्या मंदिरातील उभे स्पीकर प्रवचनासाठी बसवलेले. पुरुषाचा बोलण्याचा आवाज शंभर-सव्वाशे कंपनांच्या आसपास असतो, तो ते उत्तम पोहोचवतात. ४१ कंपनांचा स्वर त्यांच्या आवाक्याबाहेरचा. मग बेस ऐकू येते ती कशी? तर मूळ स्वराबरोबर निघणाऱ्या वरच्या उपस्वरांवरून कान मूळ स्वर ओळखून घेतो. हे उपस्वर ध्यानात ठेवावेत, कारण पुढे चोरी त्यांचीच झालेली आढळली.

दुसरी पाहणी वायर कोठे जाते याची. गिटारची वायर थेट मिक्सरच्या लाइन म्हणून लिहिलेल्या भोकात खोचलेली होती. अण्णांनी मान हलवली. अशा भोकाचा विद्युत विरोध बहुधा दहा हजार ओहमच्या आसपास असतो, तर पॅसिव्ह गिटारला दहा लाख ओहमचे भोक मानवते. हे आकडे ज्यांना जड वाटतील त्यांच्यासाठी अण्णांचाच दृष्टान्त देतो. माडीवरच्या छोट्या टाकीतून बारीक नळीने पाणी येते आहे. खाली एक थेंबथेंब गळणारी तोटी असेल, तर नळीतला दाब टिकून राहतो. तेथेच मोठी तोटी सताड उघडली, तर टाकी तीच आणि पाणीही तेच, पण दाब नाहीसा होतो. पॅसिव्ह पिकअप ही ती छोटी टाकी. जो तिच्याकडून फार मागतो, त्याला ती फार थोडे देऊ शकते. कीबोर्डची टाकी मोठी, म्हणून त्याच भोकात त्याचे भागते आणि गिटारचे भागत नाही. यावर उपाय म्हणून मधे डी. आय. नावाची एक छोटी डबी लावतात, किंवा गिटार आधी तिच्या स्वतःच्या अँप्लिफायरमध्ये घालतात. आमच्याकडे एक जुना बेस अँप्लिफायर होताच. त्यावर ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह अशी दोन भोके होती. ॲक्टिव्ह लिहिलेले भोक मुद्दाम आवाज उतरवते, कारण बॅटरीचा जोरदार प्रवाह त्याला झेलायचा असतो. अण्णांनी वायर पॅसिव्हच्या भोकात घातली. आवाज उठला, पण जितका उठायला हवा होता तितका नाही.

येथे एखाद्या उतावळ्या माणसाने अँप्लिफायरचा कान पिळला असता. अण्णांनी तसे केले नाही. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ते मुलाला म्हणाले. "दोन बदलल्यास, तर कशानं गुण आला हे तुला मरेस्तोवर कळणार न्हाई." शेजारच्या एका गायनमंडळाकडून मागून आणलेली दुसरी पॅसिव्ह बेस त्यांनी त्याच वायरने, त्याच भोकात, त्याच जागी वाजवून पाहिली. ती स्वच्छ आणि भरघोस वाजली. म्हणजे खोली, अँप्लिफायर आणि वायर हे तिघेही निर्दोष सुटले. दोष आपल्या गिटारमध्येच होता. मुलाचा चेहरा उतरला. अण्णा मात्र खूश दिसले. आता शोधायची जागा वीतभर उरली होती.

मग गिटार टेबलावर आडवी झाली. तारा पाहिल्या. पिकअपला पोलाद किंवा निकेलच्या वेष्टनाच्या पोलादी तारा लागतात, नायलॉनची तार तर चुंबकाला दिसतच नाही. तारा योग्यच होत्या. नंतर पिकअपची उंची. शेवटच्या पट्टीवर तार दाबून धरली असता तिच्यात आणि चुंबकात जाड तारेखाली सुमारे तीन मिलिमीटर आणि बारीक तारेखाली अडीच मिलिमीटर अंतर असावे, असा साधारण हिशेब आहे. खालचा स्पंज वर्षानुवर्षे दबून पिकअप खचले होते. अंतर पाचाच्या पुढे गेले होते. अण्णांनी स्क्रू अर्धा अर्धा फेरा फिरवून पिकअप वर आणले आणि बजावले, "लई जवळ आणायचं न्हाई. चुंबक तारेला ओढतोय, मग सूर डुलायला लागतोय." आवाजात थोडी भर पडली.

त्यानंतर वायर जेथे खोचतात ते सॉकेट. कोल्हापूरच्या पावसाळ्यात धातूवर ओलाव्याने पापुद्रा चढतो आणि आतली पितळी जीभ सैल पडते. ती साफ करून किंचित आत वाकवली. खरखर थांबली, आवाज तेवढाच राहिला.

तेव्हा अण्णांनी विचारले, "लेका, ह्याला मधी कुणी हात लावला हुता का?"

मुलाने सांगितले की, जूनमध्ये आवाजाची कळ फिरवताना करकर होत असे. म्हणून त्याने गिटार एका दुकानात दिली होती. तेथे दोन्ही कळा बदलून मिळाल्या. करकर गेली. पैसे त्याने वर्कशॉपच्या पगारातून दिले होते.

अण्णांनी फळीवरची पट्टी उघडली आणि भिंग लावून कळेच्या पाठीवरचा शिक्का वाचला. तेथे लिहिले होते २५ के, म्हणजे पंचवीस हजार ओहम. या जातीच्या पॅसिव्ह बेसला लागते २५० के, म्हणजे अडीच लाख. पंचवीस हजारांची कळ ॲक्टिव्ह पिकअपसाठी वापरतात. तेथे ती योग्य असते. येथे मात्र एक शून्य कमी पडले होते, आणि टाकीच्या तोंडाशीच सताड उघडी तोटी बसली होती. मल्टिमीटरवर पिकअपचा विरोध सुमारे दहा हजार ओहम भरला. म्हणजे तांब्याचे वेढे शाबूत होते. त्याच्यासमोर आवाजाची एक आणि टोनची एक अशा दोन चुकीच्या कळा होत्या. मूळ खर्ज कसाबसा तग धरीत होता, पण ज्या उपस्वरांवरून कानाला बेस ओळखू येते, त्यांचा निम्म्याहून अधिक भाग फळीच्या आतच विरून जात होता. मुलगा वाजवीत होता, तार कंप पावत होती, चुंबक आपले काम करीत होता. ज्याला लोक मुलाच्या हातातला दुबळेपणा समजले, तो कळेवरच्या अंकातला दुबळेपणा होता.

बाजारातून २५० केच्या दोन कळा आणल्या. आवाजाच्या कळेसाठी अण्णांनी मुद्दाम 'ए' अक्षराची घेतली. 'बी' अक्षराची कळ विरोध समान प्रमाणात वाढवते. आपला कान तसे मोजत नाही, म्हणून फिरवण्याच्या एका टोकालाच सारा फरक गोळा होतो आणि मधे वादकाचा हात चकतो. टोनच्या कळेवरचा छोटा कपॅसिटर जुनाच ठेवला. सोल्डरिंगची इस्त्री तापली, राळेचा वास सुटला. जुने सांधे काढून नवे घातले ते मुलाने स्वतः. अण्णा फक्त बोट दाखवीत होते. सारा खर्च काहीशे रुपयांत आटोपला. नव्या वाद्यासाठी जो आकडा बैठकीत निघाला होता, त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकाही तो नव्हता. पुढे सणाच्या निधीतून एक डी. आय. डबी घेतली गेली, आणि मंदिरातल्या मिक्सरचाही प्रश्न सुटला.

ज्यांच्या गायनमंडळात असाच प्रश्न असेल, त्यांच्यासाठी आणखी दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. काही बेसवर दोन पिकअप असतात. एकेकटे वाजवले असता दोघांचा आवाज चांगला, पण दोन्ही एकत्र केले की पातळ होत असेल, तर त्यांतील एकाच्या वायरी उलट जोडलेल्या आहेत असे समजावे. दोघे एकमेकांना पुसून टाकतात. स्पीकरसाठी वापरायची वायर गिटारला लावू नये, आणि गिटारची स्पीकरला तर मुळीच नाही. मल्टिमीटरवर पिकअप अनंत विरोध दाखवीत असेल, तर आतली तार तुटली आहे. ते काम जाणकाराचे. आणि या साऱ्याच्या आधी वायर पूर्ण आत खोचली आहे ना, एवढे पाहावे.

कोल्हापूरकरांना हा सारा विचार परका वाटण्याचे कारण नाही. १८८३ पासून गायन समाज देवल क्लब चालवणारे हे गाव. शाहू महाराजांनी १८९५ साली अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून येथे आणले. येथल्या मैफलींतून ज्यांचे कान तयार झाले, त्या जुन्या माणसांना तानपुरा बोलेनासा झाला म्हणजे काय करावे, हे ठाऊक होते. ते तार अधिक ताणत नसत, की दुसऱ्या तानपुऱ्याच्या मागे लागत नसत. ते तानपुरा मिरजेला नेत. तेथील सतारमेकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करीत आली आहेत. त्यांच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तार ज्या घोडीवर टेकते, तिच्या माथ्यावर वर्षानुवर्षे चरा पडतो. कारागीर ती घोडी केसाच्या जाडीइतकी घासून तिला पुन्हा योग्य बाक देतो. याला जवारी काढणे म्हणतात. मग तीच तार, तोच भोपळा, पण उपस्वरांचे मोहोळ उठते आणि तानपुरा खोली भरून टाकतो. तानपुऱ्यातही बॅटरी नाही. तोही घेतो तेवढेच देतो. त्याचा नाद उतरतो तो तारेत नव्हे, तर तार आणि लाकूड जेथे भेटतात त्या सांध्यात. फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा, मिरजेचा सतारमेकर आणि आमचे अण्णा यांच्या कारागिरीत समुद्रांचे अंतर असेल, पण तिघांचे शास्त्र एक : बळ वाढवण्याआधी सांधे तपासा.

कळा बदलल्यानंतरच्या रविवारी मुलगा आपल्या जागी उभा होता. मिस्सा संपल्यावर कोणीही येऊन, "आज बेस छान वाजली" असे म्हटले नाही. खर्जाचे कौतुक असे कधी होत नसते. पण वर्षानुवर्षे पहिल्या बाकावर बसून सर्वांच्या आधी गाणे उचलणाऱ्या एका आजी जाता जाता म्हणाल्या, "आज सूर धरायला बरं गेलं हो, फादर." कशामुळे, हे त्यांना ठाऊक नव्हते. मुलाने ते ऐकले आणि वायर गुंडाळता गुंडाळता तो हसला.

संत पौलाने करिंथ येथील श्रद्धावंतांना एका शरीराच्या अनेक अवयवांविषयी लिहिले आणि जे अवयव अशक्त भासतात त्यांच्याविषयी मुद्दाम लिहिले. त्या अध्यायावर मी अनेकदा प्रवचन केले आहे. त्याचे एक साधे व्यावहारिक रूप या गिटारने समोर ठेवले, असे वाटते. धर्मग्रामात मंद आवाजाची माणसे पुष्कळ असतात. बैठकीत धुणीभांडी करणारी एखादी बहीण दोन वाक्ये बोलते आणि कोणाच्याच कानावर ती पडत नाहीत. एखादा वृद्ध प्रत्येक वेळी काही सांगू पाहतो आणि मधेच थांबतो. आपण म्हणतो, यांच्यात जोर नाही, यांच्या जागी कोणी खणखणीत माणूस आणा. किंवा आपण त्यांच्या हाती ध्वनिक्षेपक देतो आणि आपले कर्तव्य संपले असे मानतो. अण्णांचा प्रश्न तेथेही विचारता येईल : ऐकू येत नाही ते कुणाला, आणि कुठे बसून? त्या आवाजाच्या वाटेवर कोणी कोणती कळ बसवली आहे? बैठकीची वेळ कामावर जाणाऱ्यांना सोयीची आहे का? त्यांचे बोलणे ज्या कानात जाते, तो कान त्यांच्याकडून फार मागतो आहे का?

प्रत्येक वेळी शून्य सापडेलच असे नाही. काही तारा खरोखरच जुन्या झालेल्या असतात, काही पिकअप खरोखरच तुटलेले असतात, आणि तेव्हा बदलणे हाच उपाय असतो. पण तो निर्णय सर्वांत शेवटी घ्यायचा असतो, पट्टी उघडून आत पाहिल्यानंतर. अण्णांनी काढलेल्या त्या दोन जुन्या कळा मुलाने फेकून दिल्या नाहीत. "कुणाच्या ॲक्टिव्ह गिटारला लागतील," असे तो म्हणाला. त्याचे खरे आहे. त्या कळांतही दोष नव्हता. त्या चुकीच्या जागी बसवल्या गेल्या होत्या, एवढेच.